चार वर्षं, दोन महिने, दहा दिवस

एक्केचाळीसच्या ऑक्टोबरात तुर्कू शहर काळं होतं.
खिडक्यांवर काळा कागद, सायकलींच्या दिव्यांना निळा रंग,
नदीवरच्या पुलाचे कंदीलसुद्धा मुके.
विमानांना दिसू नये म्हणून
आम्ही गाव पुसून टाकलं होतं,
आणि टेकडीवरच्या आमच्या घुमटाला
कधी नव्हे ते स्वच्छ आकाश मिळालं.
युद्धाचं मी एवढंच देणं लागते.
सांगायलाही लाज वाटते.

हातमोज्यांची बोटं कापून
मी भिंगाखालून काच सरकवत जायचे.
एकाच काचेवर दोनदा टिपलेलं आभाळ:
प्रत्येक तारा जोडीनं, सगळ्या जोड्या एका दिशेला,
शाळेतल्या मुली हात धरून निघाव्यात तशा.
फक्त एक जोडी तिरकी.
मधल्या तासाभरात जरासा हललेला
सोळाव्या प्रतीचा ठिपका.
मी श्वास रोखला, कारण वाफेनं काच धूसर होते.
लोकांना वाटतं, आनंदानं.

तीन रात्री दिसला.
मग ढग, मग बर्फ, मग नोव्हेंबर.

तीन ठिपक्यांवरून कक्षा काढता येते,
तीन खुंट्या पाहून
अख्ख्या कुंपणाचा अंदाज बांधावा तशी.
मी आकडेयंत्राचा दांडा फिरवत राहिले.
सूर्यापासून पृथ्वी आहे त्याच्या अडीचपटीहून थोडा लांब;
जवळ येतो तेव्हा दुप्पट,
रुसतो तेव्हा तिपटीच्याही पलीकडे.
आपल्या वाटेला अकरा अंशांनी कललेला.
एक फेरी: चार वर्षं, दोन महिने, दहा दिवस.
"वर्षं ठीक आहेत," म्हातारे लिंडरूस म्हणाले,
"ते दहा दिवस मात्र तुझ्या भाबडेपणाचे, साइमी."
खरंच होतं. पुढच्या फेरीला त्याला गाठायचं
तर आकाशाचं अख्खं शेत तुडवावं लागलं असतं,
आणि माणसं दुसरीकडे लागत होती.
नोंदवहीत लिहिलं: हरवलेला.

त्याच हिवाळ्यात माझा भाऊ अर्मास
पूर्वेच्या जंगलात होता.
त्याची तीन पत्रं आली.
तीन पत्रांवरून काहीच काढता येत नाही.

एकोणऐंशीत, मी निवृत्त झाल्यावर,
चिलीहून आलेला लिफाफा कुणीतरी घरी आणून दिला.
तिथल्या एका मुलानं नव्या ठिपक्यांची कक्षा
मागं, मागं, आणखी मागं नेली
आणि ती येऊन टेकली माझ्या तीन रात्रींवर.
नऊ फेऱ्या मारून आला होता.
दहा नव्हे, अकरा दिवस. एवढीच चूक.
आता त्याचं अंगही कळलं होतं:
नऊ किलोमीटरचा ओबडधोबड बटाटा,
सात तासांत स्वतःभोवती एकदा वळणारा,
शंभर किरण पडले तर पाचच परत करणारा.
कोळसाच.
असला काळा जीव दिसायला
गावही तसंच काळं व्हावं लागलं.

पत्राच्या शेवटी विचारलं होतं: नाव काय ठेवायचं?

सगळ्यांना वाटलं, अर्मास.
बहिणीनं तर टाइप करून आणलं.
पण सापडलेल्याला
न सापडलेल्याचं नाव कसं द्यायचं?
मी लिहिलं: मान्सिक्की.
आमची गाय. स्ट्रॉबेरीच्या रंगाची, अर्ध्या शिंगाची.
उन्हाळ्यात जंगलात सोडली की
गळ्यातली घंटा कुठंतरी पाडून यायची,
आम्ही हाका मारून दमायचो,
आणि तिन्हीसांजेला ही आपली फाटकाशी उभी,
जणू आम्हीच उशीर केला.

समितीनं नम्रपणे कळवलं,
जनावरांची नावं शक्यतो नकोत.
म्हणून यादीत नुसता क्रमांक आहे.

त्याच्या वर्षांनी मोजलं तर मी आज पंधराव्यात आहे.
त्र्याऐंशीचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही,
म्हणून भाकरीच्या डब्याच्या झाकणावर
आतून पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
सप्टेंबर, शेवटचा आठवडा.
फाटक उघडं ठेवणे.